सत्राला एक खोटं

वडील गेले आणि त्यांचा विषय तिच्या गळ्यात पडला. तोही सत्राच्या मध्यावर. दुसऱ्याने अर्धं विणलेलं स्वेटर हातात द्यावं आणि सुया कुठल्या नंबरच्या होत्या तेही सांगू नये, तशातली गत.

ती त्याच विभागात, पण दुसऱ्या मजल्यावर, डेटाबेस शिकवायची. तिच्या विषयात चूक झाली की यंत्र स्वतःच बोंब मारतं. वडिलांचा विषय संगणनाचा सिद्धांत. तिथे यंत्र फक्त फळ्यावर काढलेलं असतं. ते कशाला बोंब मारेल? चूक झाली की ती माणसानेच शोधायची, आणि सापडेपर्यंत ती खऱ्यासारखी गुण्यागोविंदाने नांदते.

"मॅडम, तुमच्याशिवाय आहे कोण?" विभागप्रमुख म्हणाले होते. "तुम्हाला त्यांची पद्धत ठाऊक आहे."

अडला हरी म्हणतात तसे ते त्या दिवशी फार गोड बोलले. दोन आठवड्यांनी गोडवा संपला आणि मुद्दे सुरू झाले.

"ही पद्धत म्हणजे काय आहे, मला जरा समजावून सांगा," ते म्हणाले. समोरच्या खुर्चीवर फायली होत्या, त्या त्यांनी उचलल्या नाहीत, म्हणून ती उभीच राहिली. "दर सोमवारी प्रश्नांचा एक कागद. पुढच्या सोमवारी तासाआधी उत्तरं पेटीत. बरोबर?"

"बरोबर."

"आणि नमुना उत्तरं कुणालाच द्यायची नाहीत. तपासणाऱ्या सहायकांनाही नाही."

"त्यांनी आपापली लिहायची. स्वतः सोडवल्याशिवाय दुसऱ्याचं तपासता येत नाही, असं बाबांचं म्हणणं."

"आणि शुक्रवारी फळ्यावर एक जण सिद्धता मांडणार, बाकीचे त्याला अडवणार. अडवणाऱ्यालाही गुण."

"अडवण्यालाच जास्त."

"आणि ज्याने काहीच लिहिलं नाही, नुसतं 'मला माहीत नाही' असं लिहिलं, त्याला वीस टक्के! खोटी सिद्धता लिहिली तर मात्र शून्य. मॅडम, पालक मला विचारतात. काय उत्तर देऊ? आमच्याकडे अज्ञानाला गुण मिळतात म्हणून सांगू?"

"आपल्याला कळलेलं नाही हे कळणं, त्याला ते गुण आहेत," ती म्हणाली. हे वाक्य वडिलांचं होतं. त्यांच्या तोंडी ते खणखणीत वाजायचं. तिच्या तोंडून ते उसन्या आणलेल्या सदऱ्यासारखं निघालं, बाह्या लांब.

"पुढच्या वर्षीपासून पर्यायी प्रश्न," विभागप्रमुख म्हणाले. "चारातला एक निवडा. यंत्र तपासेल. आणि ते खोट्या प्रश्नाचं प्रकरण मला ह्याच वर्षी मिटवून हवंय. विद्यार्थी येऊन विचारताहेत. यंदाचा कुठला, ते जाहीर करा आणि मोकळ्या व्हा."

तेच तर तिला माहीत नव्हतं.

*

वडिलांच्या पद्धतीत बाकी सगळं कुठे ना कुठे तरी चालतं, पण खोटा प्रश्न फक्त त्यांचा. दर सत्रात, पहिल्या अर्ध्यातल्या कुठल्या तरी एका कागदात, 'सिद्ध करा' म्हणून दिलेल्या विधानांपैकी एक विधान चक्क खोटं असायचं. एकच. कुठलं, ते कुणालाही सांगायचं नाही; सहायकांना नाही, घरी नाही. मुलं ते सिद्ध करून मोकळी व्हायची, सहायक त्यावर बरोबरची खूण करून मोकळे व्हायचे, आणि शेवटच्या तासाला वडील खडू झटकत विचारायचे, "हं, कोणाच्या गळ्यात मारलं मी?" मग ज्यांनी त्या खोट्याची सिद्धता दिली त्यांचे गुण परत जायचे. मुलं त्याला 'घसरण' म्हणायची. कागदांवर निम्मे गुण जमले तरच परीक्षेला बसता यायचं, त्यामुळे घसरणीत दरवर्षी दोघं-तिघं काठावरून खाली जायची आणि जन्मभर हा किस्सा सांगत राहायची.

"खोटं खऱ्याच्या अंगणातच राहायला हवं," वडील म्हणायचे. "लांबचं खोटं कुणीही ओळखतो. खऱ्या विधानाला एक हलका धक्का द्यायचा, बस्स."

यंदाचा खोटा प्रश्न न सांगताच ते गेले. सातवा कागद त्यांनी सोमवारी वाटला, आणि त्या कागदाची उत्तरं पेटीत पडायच्या आत, विभागाच्याच जिन्यात, वर चढता चढता त्यांचं हृदय थांबलं. खडूचा डबा हातात होता. तो वाजत वाजत खालपर्यंत गेला म्हणे.

त्यांच्या खोलीबाहेरची लाकडी पेटी तशीच होती. मुलं अजून तिच्यात उत्तरं टाकत होती. दर सोमवारी ती किल्लीने पेटी उघडायची आणि कागद काढायची. वरच्या कोपऱ्यात सवयीने लिहिलेलं असायचं: 'सरांना'.

वडिलांचा मुख्य सहायक संशोधन करणारा एक उंच, वाकडा उभा राहणारा मुलगा होता. वर्गात त्याला खांब म्हणत. तो आणि ती वडिलांच्या खोलीत बसून सातही कागदांतली विधानं एकेक करून पडताळू लागले.

"सरांनी तुला काहीच सांगितलं नाही? इशारासुद्धा?"

"मॅडम, सर मला चहात साखर किती ते सांगायचे नाहीत. म्हणायचे, चव बघ आणि सिद्ध कर."

कंटाळवाणं काम होतं. खरं विधान सिद्ध झालं की आनंद व्हायला हवा. इथे प्रत्येक खरं विधान म्हणजे आणखी एक बंद दार. चार कागद गेले. पाचव्या कागदातल्या तिसऱ्या विधानापाशी खांब थबकला.

ह्या विषयात 'भाषा' म्हणजे शब्दांचा नुसता ढीग. आणि सगळ्यांत छोटं यंत्र म्हणजे असं, की ज्याला मागचं काही आठवत नाही. आपण आत्ता कुठे उभे आहोत एवढंच त्याला कळतं. अशा विसराळू यंत्राला जी भाषा ओळखता येते ती सोपी. पाचव्यातलं तिसरं विधान म्हणत होतं: एखाद्या भाषेतले शब्द हवे तसे एकमेकांना जोडत गेलं आणि त्यातून बनलेली मोठी भाषा सोपी निघाली, तर मूळची भाषाही सोपीच असते. सिद्ध करा.

"ह्याला मी बरोबरच्या खुणा दिल्यात," खांब म्हणाला. "अख्ख्या वर्गाला. पण..." त्याने कागदाच्या मागच्या बाजूला 'अ' काढायला सुरुवात केली. "फक्त अ ह्या अक्षराचे शब्द घेऊ. लांबी मूळ संख्येइतकी. दोन अ, तीन अ, पाच अ, सात अ. ही भाषा काही सोपी नाही. मूळ संख्या कुठल्या विसराळू यंत्राला ओळखता येणार? पण जोडा एकमेकांना. दोन आणि तीन मिळवत गेलं की एक सोडून सगळ्या लांब्या येतात."

"आणि लांबी एक नाही ना, एवढं तर विसराळू यंत्रही बघेल," ती म्हणाली. "म्हणजे मोठी भाषा सोपी, मूळची नाही."

"खोटं!" खांब ओरडला. "मॅडम, सापडलं. उलटं विधान खरं आहे, सगळ्या पुस्तकांत असतं. सरांनी नुसतं फिरवलंय. माझ्याही गळ्यात मारलं!"

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. हे अगदी बाबांचंच होतं: खऱ्या विधानाला हलका धक्का.

त्या रात्री तिने दादाला फोन केला.

दादा दुसऱ्या गावी असायचा. तो डॉक्टर होता, आणि वर्षभर त्याचं एकच म्हणणं होतं, की बाबांची स्मरणशक्ती ढासळतेय. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. त्यालाच दिवसातून दोनदा फोन करून तीच गोष्ट सांगितली. "तू रोज बघतेस म्हणून तुला दिसत नाही," तो म्हणायचा. "शिकवणं थांबवायला सांग त्यांना. वर्गात हसं व्हायच्या आत." ती सांगत नव्हती. बाबा विसराळू होते, पण ते आधीपासूनच. ती शाळेत असताना एकदा तिला न्यायला आले ते भलत्याच शाळेत, आणि तिथल्या शिपायाशी वाद घालत बसले की माझी मुलगी लपवलीत कुठे.

"दादा, खोटा प्रश्न सापडला," ती म्हणाली. "पाचव्या कागदात. इतका देखणा, की सहायकालाही कळला नाही. ज्याचं डोकं ढासळलंय त्याला हे जमेल?"



"बरं," दादा म्हणाला. "बरं झालं. जेवलीस का?"

वादात हरला की तो जेवणाचं विचारायचा. लहानपणापासूनची खोड. तिला वाटलं, संपलं. आता झोप लागेल.

*

शुक्रवारी फळ्याचा तास होता. मागे राहिलेल्या सातव्या कागदाची उत्तरं मांडायची होती. पहिल्या बाकावरचा एक आत्मविश्वासू मुलगा उठला आणि दुसऱ्या विधानाची सिद्धता मांडू लागला. विधान असं: क हा प्रश्न ख ह्या प्रश्नात रूपांतरित करता येत असेल, आणि ख विसराळू यंत्राला सुटत असेल, तर क सुद्धा विसराळू यंत्राला सुटतो.

"क घ्यायचा, त्याचं ख करायचं, ख यंत्रात घालायचा. उत्तर आलं. झालं," मुलगा म्हणाला आणि खाली रेघ मारली.

"थांब," मागून आवाज आला.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. ती खात्री नसेल तिथे एक अक्षर खोटं लिहायची नाही. सरळ 'मला माहीत नाही' लिहायची आणि पाचवा हिस्सा गुण खिशात टाकायची. असं थेंबे थेंबे साचवत ती परीक्षेच्या उंबरठ्याला टेकली होती. वर्गाने तिचं नाव ठेवलं होतं वीसटक्के.

"रूपांतर कोण करतंय?" वीसटक्केने विचारलं.

"कोण म्हणजे? करता येतं असं दिलंय ना प्रश्नात."

"अरे, पण करणारं यंत्र कुठलं? तेही विसराळूच आहे असं कुठे म्हटलंय? ते हुशार असलं तर? तेच सगळा हिशोब करून टाकेल आणि शेवटी नुसतं 'हो' किंवा 'नाही' लिहून ख च्या हातात देईल. ख ने काय केलं? 'हो' वाचलं. नवऱ्या मुलाने घोड्यावर बसावं आणि वरात मीच काढली म्हणावं, तशातलं आहे हे."

वर्ग हसला.  मुलाने रेघ हाताने पुसली.

"म्हणजे विधानच खोटं आहे," वीसटक्के म्हणाली, आणि मग जरा घाबरून, "हो ना मॅडम? म्हणजे मी कागदावर 'माहीत नाही'च लिहिलंय. आत्ता ऐकताना लक्षात आलं."

खांब भिंतीला टेकून उभा होता. तो सरळ झाला. आठवडाभरात पहिल्यांदाच. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकच गोष्ट कळली.

'विसराळू यंत्राला सुटतो' ह्याच्या जागी 'कुठल्या तरी यंत्राला सुटतो' असं असतं, तर विधान खरं होतं. तेही सगळ्या पुस्तकांत असतं. एकच हलका धक्का.

सत्राला एक खोटं. इथे दोन निघाली होती.

*

मुलं गेल्यावर खांब म्हणाला, "सरांनी दोन घातली असतील."

"कधी घातली होती?"

"कधीच नाही. सर म्हणायचे, दोन खोटी घातली की माणूस सगळ्यावरच संशय घेतो आणि अभ्यास सोडून देतो."

"मग?"

"मग एक मुद्दाम आहे, आणि एक..." तो पुढचा शब्द बोलला नाही. भला मुलगा होता.

एक मुद्दाम, आणि एक चूक. पण कुठली कुठली? तिने दोन्ही विधानं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. दोन्ही खऱ्याच्या अंगणात. दोन्ही एकाच पावलाने घसरलेली. पाचव्यातलं विधान एखाद्या खोडकर माणसाने मजेने फिरवलेलं असू शकत होतं, किंवा थकलेल्या माणसाकडून उलटं लिहिलं गेलेलं. सातव्यातलंही तसंच. जन्मभर माणसाने चुकीसारखं दिसेल असं खोटं घडवण्यात हातखंडा मिळवावा, आणि शेवटी त्याची खरी चूकही त्याच्या कारागिरीसारखीच दिसावी! तिला वडिलांचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंतीचं काय जातं?

ती खांबाला पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

"पाचव्या कागदाच्या वेळी सर काही बोलले होते?"

"जिन्यात भेटले होते. म्हणाले, पाचव्यातला तिसरा सुटला का? मी म्हटलं, सुटला. ते हसले आणि म्हणाले, छान."

"हसले? म्हणजे तोच!"

"मॅडम, सर प्रत्येक प्रश्नाबद्दल विचारायचे. आणि प्रत्येक वेळी हसून छान म्हणायचे."

तिला स्वतःलाही काहीतरी आठवत होतं. सातवा कागद वाटला त्या सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले होते, "हा जरा चावरा आहे बरं का." पण त्यांच्या मते प्रत्येकच कागद चावरा. तिला तर ते लहानपणी पाढ्यांबद्दलही तसंच सांगायचे.

मागच्या वर्षांचे कागद तिने काढून पाहिले. दोन्ही विधानं तिथे होती, खऱ्या रूपात, सरळ उभी. त्यावरून काही कळेना. जो माणूस मुद्दाम बदलतो त्याचाही आधार जुना कागदच, आणि जो चुकून बदलतो त्याचाही.

रविवारी दादा आला. खोलीतली पुस्तकं आवरायची होती. वडिलांच्या खुर्चीवर त्यांचं राखाडी जाकीट होतं, खिशांना आतून खडूचा रंग चढलेला. दोघांनीही ते जागचं हलवलं नाही; आळीपाळीने त्याच्या बाजूने वाट काढत राहिले.

"काय गं प्राध्यापकीणबाई, चेहरा का असा?"

तिने सांगितलं. लपवावं असं एकदा वाटलं होतं, पण दादापासून काही लपवणं तिला कधी जमलं नव्हतं. फळ्यावरची दोन विधानं दाखवली. दादाने बराच वेळ ती वाचली. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाचली.

"म्हणजे एक तर चूकच," तो शेवटी म्हणाला.

"झालं समाधान?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"चेहऱ्यावर लिहिलंय. म्हण ना, मी सांगत होतो म्हणून."

"अगं, तीसेक वर्षं शिकवलं त्यांनी. इतक्या वर्षांत आणखी कधी चुकले नसतील? तू चुकत नाहीस?"

"आता उलटा फिरू नकोस! वर्षभर कोण म्हणत होतं, हसं होईल म्हणून?"

"मी म्हणत होतो." दादाने पुस्तकांचा गठ्ठा खाली ठेवला. "माझं म्हणणं खरं ठरावं असं मला वाटत होतं, असं वाटतं का तुला? मी तुझ्या फोनची वाटच बघत होतो. तू त्या दिवशी म्हणालीस ना, सापडला, देखणा आहे. मी हिला उठवून सांगितलं. वहिनीला विचार हवं तर. म्हटलं, चुकलो मी, बाबा ठणठणीत होते. आणि आता तू परत..." त्याने फळ्याकडे पाहिलं. "कुठला खरा आणि कुठला खोटा, हे कळायचा काही मार्ग नाही?"

"दोन्ही खोटेच आहेत रे. कुठलं खोटं खरं खोटं आहे, ते कळत नाही."

 दादाला हसू फुटलं. "तुम्हा लोकांचं डोकं ठिकाणावर आहे हे डॉक्टरांनी ओळखायचं तरी कसं?"

तिलाही हसावंसं वाटलं, पण हसू आलं नाही. चीड मात्र आली, सगळ्यावर. विषयावर, दादाच्या भलेपणावर, त्या जाकिटावर. कारण दादा विचारत होता तो प्रश्न फक्त घरचा नव्हता. गुणांचाही होता. वडिलांचा नियम स्पष्ट होता: खोटा प्रश्न मुद्दाम दिलेला असेल तर सिद्धता देणाऱ्याला शून्य, कारण तो खेळाचा भाग, पण शिक्षकाच्या चुकीने खोटा ठरला, तर सगळ्यांना पूर्ण गुण, कारण शिक्षकाची चूक मुलांनी का भोगावी. पाचव्यातला मुद्दाम धरला तर काही मुलं परीक्षेबाहेर जात होती. सातव्यातला मुद्दाम धरला तर दुसरी काही. एका विधानाखाली 'मुद्दाम' आणि दुसऱ्याखाली 'चूक' लिहायचं होतं. वडिलांच्या अक्षराशेजारी, तिच्या हाताने. आणि सोमवारी विभागप्रमुख उत्तर मागणार होते.

*

"दोन्ही रद्द करा," विभागप्रमुख म्हणाले. "साधा उपाय. सगळ्यांना दोन्हींचे पूर्ण गुण, आणि विषय संपला."

"पण मग ज्यांनी खोटी सिद्धता लिहिली आणि ज्यांनी प्रामाणिकपणे 'माहीत नाही' लिहिलं, ते सारखेच झाले."

"मॅडम, आपण विद्यापीठ चालवतोय, धर्मकाटा नाही." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "हे बघा. सरांबद्दल मला आदर आहे. पण शेवटी शेवटी त्यांचं जरा... सगळ्यांच्याच लक्षात येत होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रद्द केलं की कुणी काही विचारणार नाही. झाकली मूठ."

तिने त्यांच्या टेबलाकडे पाहिलं. टेबल स्वच्छ होतं. रद्द केलं असतं तर खरंच कुणी काही विचारलं नसतं. बाबांचं खोटंही रद्द, चूकही रद्द. कारागिरी आणि घसरण एकाच रेघेने पुसली गेली असती.

"तासाला उशीर होतोय," ती म्हणाली.

"मग काय करणार आहात?"

"फळ्यावर बघते."

ते काहीतरी पुटपुटले. दार ओढून घेताना तिला 'बापावर गेलीय' एवढंच ऐकू आलं. एरवी हे ऐकून ती खुलली असती.

वर्ग भरलेला होता. कुणकुण लागली होतीच; परीक्षेच्या काठावरची मुलं तर पुढच्या बाकांवर येऊन बसली होती, निकाल जवळून ऐकायला मिळावा म्हणून. खांब खिडकीपाशी उभा होता. शेवटच्या बाकावर वीसटक्के.

तिने फळ्यावर दोन्ही विधानं लिहिली. पाचव्यातलं डावीकडे, सातव्यातलं उजवीकडे.

"दोन्ही खोटी आहेत," ती म्हणाली. "डाव्याला मूळ संख्यांनी पाडलं. उजव्याला तुमच्यापैकीच एकीने. सरांची रीत तुम्हाला माहीत आहे, सत्राला एक. म्हणजे ह्यातलं एक त्यांनी मुद्दाम घातलं, आणि दुसरं त्यांची चूक आहे."

'चूक' हा शब्द उच्चारला गेला. काही कोसळलं नाही. वर्गात कुणीतरी पेन खाली ठेवलं, एवढंच.

"कुठलं मुद्दाम, मॅडम?" पहिल्या बाकावरच्या त्या आत्मविश्वासू मुलाने विचारलं. त्याचे दोन्हींचे गुण टांगणीला लागलेले होते. "म्हणजे घसरण कुठल्यावर?"

तिच्याकडे उत्तर तयार होतं. रात्रभर जुळवलेलं: पाचव्यातलं जास्त देखणं, म्हणून तेच मुद्दाम. ऐकायला पटलं असतं. मुलांनी मान्य केलं असतं, खांबानेही. दादाला सांगता आलं असतं. सिद्धतेसारखंच दिसलं असतं ते. खाली रेघसुद्धा मारता आली असती. फक्त मधली एक पायरी तिने हवी म्हणून घातलेली होती. अशा सिद्धतांना बाबा शून्य द्यायचे. तिलाही दिलं होतं एकदा, ह्याच वर्गात, आणि घरी जाताना सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नव्हते, मग फाटकापाशी म्हणाले होते, "माहीत नाही म्हणायचं होतंस. काय बिघडलं असतं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

 मग ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली, "खूप शोधलं. मला माहीत नाही, आणि आता ते कळायचा मार्गही नाही."

 कुठे बघावं ते मुलांना समजेना. दु:खात असलेल्या माणसासमोर लोक जसे आपल्या बोटांकडे बघतात तशी मुलं बघत होती.

आणि शेवटच्या बाकावरून, आपण मोठ्याने बोलतोय हे लक्षात यायच्या आत, आवाज आला: "म्हणजे मॅडम, वीस टक्के."

बोलल्याबरोबर वीसटक्केने दोन्ही हात तोंडावर ठेवले. खांबाने डोळे मिटले.  मग ती हसली. आतून, पोट धरून, बाबा हसायचे तशी, आणि तिच्याबरोबर सगळा वर्ग. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने खडूच्याच हाताने पुसलं, त्यामुळे गालावर पांढरा पट्टा उठला आणि मुलं आणखी हसली.

"बरोबर," ती म्हणाली. "वीस टक्के मिळाले. उरलेले कुणाला हवेत?" तिने दोन्ही विधानांखाली मोकळी जागा सोडून रेघा ओढल्या. "ज्यांनी ह्यातलं काही 'सिद्ध' केलंय, त्यांनी इथे यायचं. आपली सिद्धता मांडायची आणि ती नेमकी कुठे तुटते ते स्वतः दाखवायचं. दाखवलं त्याला गुण. नाही दाखवता आलं त्याला शून्य. ज्यांनी 'माहीत नाही' लिहिलं त्यांनी आता पाडून दाखवलं तर त्यांनाही. मुद्दाम असो, चूक असो, दोन्हींना एकच नियम."

"विभागप्रमुखांचं काय?" खांबाने हळूच विचारलं.

"त्यांना येऊन अडवू दे. अडवण्याला गुण आहेत."

तरीही ते उरलंच. ती फळ्यापासून बाजूला झाली तेव्हा दोन्ही वाक्यं तिला तिरपी दिसत होती, शेजारी शेजारी, सारखीच निरागस. त्यातल्या एकाच्या मागे बाबा गालात हसत उभे होते, आणि दुसऱ्याच्या मागेही बाबाच, चष्मा शोधत. कोण कुठल्या मागे, ते तिला कधीच कळणार नव्हतं. ह्याची चीड रात्री घरी गेल्यावर पुन्हा येणार, हेही तिला माहीत होतं.

पहिल्या बाकावरचा मुलगा उठला. आज तो सावकाश चालत आला.

"खडू, मॅडम," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

तिने दिला.